लांब पल्ल्याची रायफल

१ ऑगस्ट २०२४ चा दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. गुरुवार होता. बाहेर पावसाची झड लागलेली आणि वर्गावर्गांतून ओल्या छत्र्यांच्या रांगा. मधल्या सुट्टीत आमचे एक सहकारी हातातला फोन पुढे धरूनच कार्यालयात शिरले आणि म्हणाले, "सर, कोल्हापूरच्या पोरानं पदक काढलं की ओ!"

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या लहानशा गावच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल, तीन आसने, या प्रकारात कांस्यपदक मिळविले होते. ४५१.४ गुण. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. आमचे येळ्ळूर हे कुस्तीवेडे गाव. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळविलेल्या कांस्यपदकाची गोष्ट येथे शाळेत येण्यापूर्वीच पोराच्या कानावर पडलेली असते. परंतु मातीत न लोळता, नुसते निश्चल उभे राहून, गुडघे टेकून आणि पालथे पडून पदक मिळते हे गावातील पुष्कळांना त्या दिवशी प्रथमच कळले. या मुलाचे वडील माझ्याच पेशातले, शिक्षक, हे वाचून तर मला उगीचच आपल्या घरातले कार्य असल्यासारखे वाटले.

कार्य घरात येऊन बसणार आहे याची मात्र कल्पना नव्हती. संध्याकाळी घरी पोहोचलो तो धाकटी दारातच उभी. म्हणाली, "बाबा, मी आता लांबच्या पल्ल्याला जातो."

(आमच्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या मुली 'मी जातो, मी येतो' असेच बोलतात. पुण्याकडचे पाहुणे त्याला हसतात. मराठीचा एम. ए. असूनही मी तिला कधी सुधारले नाही, आणि सुधारणारही नाही.)

तिची थोडी हकिगत सांगितली पाहिजे. वय बावीस. महाविद्यालयात एन. सी. सी.मध्ये असताना तिने .२२ ची रायफल प्रथम हाती घेतली आणि पहिल्याच चांदमारीत पाच गोळ्या अशा एकत्र मारल्या की तेथील हवालदारसाहेबांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. पुढे ती एका क्लबात जाऊ लागली. तेथे दहा मीटरची हवाई रायफल. ०.१७७ इंच व्यासाची आणि वीस जूलपर्यंतच्या शक्तीची असल्यामुळे तिला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त, आणि रायफल क्लबाची. तीन वर्षे तिने तेवढ्यावर काढली होती. आता मात्र स्वतःची खरीखुरी रायफल हवी, तीही लांब पल्ल्याची, असा हट्ट होता. हट्ट म्हणजे आरडाओरड नव्हे. आमच्या घरात हट्ट गप्प राहून केला जातो, आणि तो अधिक जड जातो.

माझ्यापाशी चार लाख रुपये होते. घरावर वरचा मजला चढवावा म्हणून आठ वर्षांत जमविलेले. माझी निवृत्ती काही फार दूर नाही. सौभाग्यवतींनी एकच वाक्य उच्चारले, "अहो, घरात बंदूक म्हणजे काय खेळणं आहे काय?" आणि त्या भाताच्या पातेल्याकडे वळल्या.

मी एका चुकीने सुरुवात केली. ती चूक शब्दाची होती. 'लांब पल्ला' हे शब्द माझ्या डोक्यात भिनले. लांब पल्ला म्हणजे मोठी बंदूक, मोठे काडतूस, खांद्याला बसणारा धक्का, असे काहीसे चित्र मनात उभे राहिले. आणि आपल्या देशी कारखान्यातील परवडेल अशी मोठी रायफल कोणती, याचा मी शोध घेऊ लागलो. तो शोध अर्थातच .३१५ पाशी येऊन थांबला. आपल्याकडे परवानाधारक नागरिकाला सहज मिळणारी मोठ्या नळीची रायफल म्हणजे आयुध निर्माणीची .३१५ स्पोर्टिंग. तिचा इतिहास मनोरंजक आहे. लष्कराच्या .३०३ रायफलीचे काडतूस सामान्य रयतेच्या हाती पडू नये हे इंग्रजांचे धोरण. म्हणून रायफलीची घडण तीच ली-एनफील्डची ठेवली, पण काडतूस मात्र ऑस्ट्रियन मॅनलिकरच्या जातीचे, आठ मिलीमीटरचे दिले. इंग्रज गेले, काडतूस राहिले. त्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे दिसली तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची खूण समजावी. हा कारखाना १८६९ सालचा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून या सर्व निर्माणींच्या सरकारी कंपन्या झाल्या; रायफली करणारे ईशापूर, कानपूर, तिरुचिरापल्ली येथील कारखाने एका कंपनीत गेले आणि काडतुसांचे कारखाने दुसरीत.

याच सुमारास थोरल्या बंधूंच्या अमेरिकेतील मुलाचा फोन आला. तो टेक्सासात असतो आणि रविवारी मित्रांबरोबर हजार यार्डांवर नेम धरायला जातो. त्याने अर्धा तास मला जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. तिकडे आता साध्या दुकानात मिळणारी कारखान्यातील रायफल इतकी नेमकी असते की पूर्वी खास कारागिराकडून घडवून घ्यावी लागत असे तशी गरज नवशिक्याला उरलेली नाही. फिनलंडची टिक्का, अमेरिकेची सॅव्हेज आणि रुगर, जपानची हॉवा ही मध्यम किमतीची नावे. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचाच्या आसपास बसल्या की कारखान्याने आपले काम केले असे तिकडे मानतात. जड नळी घ्यावी, कारण हलकी नळी चार गोळ्यांत तापते आणि नेम सरकू लागतो. काडतूस ६.५ क्रीडमूरचे घ्यावे, नाहीतर जुने भरवशाचे .३०८, पहिल्याला वारा कमी ढकलतो आणि धक्काही सौम्य. चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा हवा. आणि शेवटी तो म्हणाला, "काका, जेवढे पैसे रायफलीला तेवढेच दुर्बिणीला ठेवा. लोक रायफलीवर सगळा पैसा घालतात आणि मग वर स्वस्तातलं भिंग बसवतात."

मोठा शहाणा सल्ला होता. फक्त तो टेक्सासातला होता. त्याच्याकडे दुकानदार ओळखपत्र पाहतो, सरकारी यादीशी नाव ताडून पाहतो आणि रायफल हातात देतो. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. ती सवलत राष्ट्रीय पातळीवर ठराविक गुण मिळविलेल्या नेमबाजांपुरती. म्हणजे गुण मिळविण्यासाठी चांगली रायफल हवी आणि चांगली रायफल मिळण्यासाठी आधी गुण हवेत. आमच्या गावात याला 'लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना' असे म्हणतात.

मग मी गावातल्या सुभेदारमामांकडे गेलो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीगणिक एखादा निवृत्त फौजी सापडतोच. हे आमचे मामा नात्याने नव्हेत, गावाने. अठ्ठावीस वर्षे नोकरी, त्यातली पुष्कळशी नेमबाजीच्या तुकडीत. ते नेहमी कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा शिपायाला हुकूम द्यावा तसे. माझी वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढला. म्हणाले, "गुरुजी, पोरगी कुठं मारणार?"

"म्हणजे?"

"रायफल घ्याल. तीनशे मीटरची जागा कुठाय?"

मी निरुत्तर झालो. .३१५ ची गोळी मैल-दीड मैल सहज जाते. ती माळावर उभे राहून झाडायची वस्तू नव्हे. तसे करणे गुन्हाही आहे आणि पापही. तिला मागे मातीचा उंच बांध असलेले, मंजूर झालेले मैदान हवे. लष्कराची मैदाने लष्कराची असतात. नागरिकांच्या क्लबांत बहुधा दहा मीटर असते, काही ठिकाणी पन्नास. म्हणजे मी जी रायफल शोधत होतो ती घेतली असती तर वर्षभर कपाटात ठेवून तेल लावण्याव्यतिरिक्त तिचा उपयोग नव्हता.

तरीही, माझे समाधान व्हावे म्हणून असेल, मामा आम्हा बापलेकीला आपल्या एका जुन्या सोबत्याकडे घेऊन गेले. त्यांच्याकडे परवान्याची .३१५ होती. बोल्ट उघडून, आत काही नाही हे तिघांना तीनदा दाखवून त्यांनी ती मुलीच्या हाती दिली. तिने ती खांद्याला लावली, गाल कुंद्यावर टेकवला आणि तशीच थांबली. मग हळूच म्हणाली, "मामा, मला माशीच दिसत नाही." तिची मान आखूड, कुंदा लांब, गाल जेथे बसावयास हवा तेथे बसत नव्हता आणि डोळा नेमाच्या रेषेच्या खालीच राहत होता. त्यात मागचा नेमदर्शक उघडा, खाचेचा; तिला सवय छिद्रातून पाहण्याची. मामांनी रायफल परत घेतली. "चपलेचा नंबर न बघता चप्पल घेत नाही माणूस," एवढेच बोलले.

परतताना बसमध्ये तिने मला एक गणित सांगितले. मी भाषेचा माणूस, मला ते दोनदा समजावून घ्यावे लागले. तीनशे मीटरच्या निशाण्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०० मिलीमीटर व्यासाचे असते. पन्नास मीटरच्या निशाण्यावर ते १०.४ मिलीमीटरचे. अंतर सहापट वाढते, पण वर्तुळ जवळजवळ दसपट मोठे होते. म्हणजे नुसत्या बारकाईचा विचार केला तर पन्नास मीटरचे दहा हे तीनशे मीटरच्या दहापेक्षा कठीण! लांबवर जे अवघड होते ते वाऱ्यामुळे. आणि वारा वाचावयाचा तर तो पन्नासावरही वाचता येतो, कारण.२२ ची गोळी अवघी अडीच ग्रॅमची, मंद, वाऱ्याच्या झुळकेलाही मान देणारी.

"मग तू लांबचा पल्ला म्हणत होतीस तो?"

"पन्नासच की बाबा. दहाच्या मानानं पन्नास लांबच न्हवं काय?"

एवढे दिवस मी हजार यार्डांची स्वप्ने पाहत होतो आणि पोरगी पन्नास मीटरविषयी बोलत होती. मुख्याध्यापकांना दुसऱ्याचे पूर्ण ऐकून न घेण्याची खोड असते; ती मला माझ्या नोकरीने लावली आहे असे मी स्वतःला समजावतो.

येथून खरी निवड सुरू झाली, कारण आता प्रश्न .२२ चा होता. जगात या प्रकारातल्या सामन्याच्या रायफली बहुतांशी जर्मनीतून येतात. आन्शुट्झ आणि वाल्थर ही दोन्ही घराणी मूळची झेला-मेलिस या एकाच गावची. दुसऱ्या महायुद्धानंतर दोघेही पश्चिमेला उल्म शहरात येऊन वसले. त्यांच्या रायफलीचा कुंदा, गालपट्टी, चाप, सर्व काही नेमबाजाच्या अंगाप्रमाणे मागेपुढे सरकविता येते. त्यांची किंमत ऐकून मी पुन्हा विचारली नाही. शिवाय आयातीचा अडसर होताच.

आणि येथेच मी दुसरी चूक केली. ही पैशाची. कोणी सांगितले की अमुक शहरात एका गृहस्थांकडे जुनी ब्रनो आहे. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरात घडलेली .२२, आयात बंद होण्यापूर्वी आपल्या देशात आलेल्या या रायफलींना जाणकार अजून हळव्या आवाजात नावाजतात. मी एकटाच गेलो. लाकूड चकचकीत, बोल्ट लोण्यासारखा सरकणारा. "दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय" हे वाक्य मालकांनी बरोबर वेळेवर म्हटले. हातात परवाना नाही, रायफलीतले कळत नाही, आणि मी दहा हजार रुपये विसार देऊन बसलो! घरी सांगितले नाही. मामांना आठ दिवसांनी सांगितले, तेव्हा ते काही न बोलता माझ्याबरोबर आले. त्यांनी बोल्ट काढला, नळीच्या मागे पांढरा कागद धरला आणि पुढून आत पाहिले. मग मला पाहावयास लावले. आतल्या चकाकत्या पिळांच्या जागी मला काळसर खड्डे दिसले. कोकणालगतचा पाऊस आणि तेलाविना काढलेली वर्षे. "गुरुजी, ही नळी नव्हे, पडकी विहीर आहे," मामा मराठीत म्हणाले आणि मालकांशी हिंदीत बोलू लागले. पाच हजार परत मिळाले. उरलेल्या पाच हजारांना मी माझ्या शिक्षणाचा खर्च म्हणतो. सौभाग्यवती दुसरे काही म्हणतात.

यानंतर मी निमूटपणे वहीचे नवे पान उघडले आणि मामांनी सांगितल्याप्रमाणे हिशेब उलट्या टोकाने मांडला. आधी रायफल नव्हे, आधी गोळी. सामन्यात हल्ली साठ गोळ्या असतात, गुडघ्यावर वीस, पालथे वीस, उभ्याने वीस. सरावाला रोज साठ धरल्या आणि महिन्याचे वीस दिवस धरले तर बाराशे झाल्या. एका गोळीला समजा पंधरा रुपये धरले तरी महिना अठरा हजार. वर्षाला दोन लाखांवर! माझा वरचा मजला रायफलीने नव्हे, गोळ्यांनीच उडविला असता. रायफल एकदाच घ्यावयाची असते, गोळी रोज. आणि चार लाखांची रायफल घेऊन महिन्याला शंभर गोळ्या झाडणाऱ्यापेक्षा साध्या रायफलीतून पाचशे झाडणारा पुढे जातो, हे मामांचे म्हणणे मला आकड्यांत दिसले. .२२ चा आणखी एक गुण असा की तिची नळी हजारो गोळ्या सोसते. मोठ्या काडतुसाची नळी त्या मानाने लवकर झिजते.

गोळीची दुसरी बाजू आम्ही क्लबात प्रत्यक्ष पाहिली. तेथील एकाच रायफलीतून, पुढे वाळूच्या पिशवीवर टेकवून, मुलीने पाच गोळ्या एका बनावटीच्या आणि पाच दुसऱ्या बनावटीच्या झाडल्या. पहिल्या पाच एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. दुसऱ्या पाचांना चहाची बशी लागली असती. हात तोच, डोळा तोच, रायफल तीच. प्रत्येक नळीला आपली गोळी आवडते, आणि तिला कोणती आवडते हे छापील माहितीपत्रकात लिहिलेले नसते. पाच-पाच गोळ्या झाडूनच पाहावे लागते. महाग गोळी आवडेल असेही नाही. यात मला वर्गातल्या पोरांची आठवण झाली, पण तो विषय वेगळा.

शेवटी ठरले ते असे. देशी कारखान्याची साधी .२२ घ्यावयाची, नवी, जिच्या नळीचा भूतकाळ नाही अशी. कुंदा सुताराकडून तिच्या गालाच्या मापाने उंच करून घ्यावयाचा. तिच्यावर निजून, बसून, उभ्याने रोजचा सराव. स्पर्धेच्या वेळी क्लबाची सामन्याची रायफल मागून घ्यावयाची. एक लाख गोळ्यांसाठी आणि प्रवासासाठी बाजूला. राहिलेल्या पैशांना हात लावावयाचा नाही. ऑलिंपिकच्या रायफलीपुढे ही देशी रायफल म्हणजे शर्यतीच्या घोड्यापुढे आमच्या शिवारातला बैल, हे मला कळते. पण नांगरट बैलानेच होते. गुण जमले, मावळंकर स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेला ती पात्र ठरली, तर आयातीची सवलत कायद्यानेच मिळेल. तेव्हा उल्मचा विचार करू. (हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तिचेही ते पहिले अध्यक्ष. घटना आणि बंदूक दोन्ही एकाच मराठी माणसाच्या हाती सुरक्षित होत्या याचे मला कौतुक वाटते.)

मुलीचा चेहरा मात्र पडला होता. तिच्या मैत्रिणींनी फोनवर पाहिलेल्या रायफली निळ्या-लाल धातूच्या, अवकाशयानासारख्या. आणि हिची लाकडी. दोन दिवस ती जेवणाच्या पाटावर कामापुरते बोलली. तिसऱ्या दिवशी मी तिला तेजस्विनी सावंत यांच्याविषयी विचारले. कोल्हापूरच्या या मुलीने २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविले, विश्वविक्रमाची बरोबरी करून. आणि ऑलिंपिकचे दार मात्र तिला त्यानंतर अकरा वर्षांनी, वयाच्या चाळिशीत, टोकियोत उघडले. हे सगळे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. तिने मला मधेच थांबविले. "बाबा, कळलं. अर्ज कधी करायचा?"

परवाना कोणाच्या नावावर, यावर घरात एक बैठक झाली. बंधूंचे मत असे की बंदूक पुरुषाच्या नावावर असावी. म्हणजे त्यांच्या दुसऱ्या मुलाच्या. परंतु २०१४ च्या जुलैत आमच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक हटविला गेला, लाठ्या चालल्या, आणि नंतर जे गुन्हे नोंदले गेले त्यांत त्याचेही नाव होते. शस्त्राच्या परवान्याला पोलिसांची चौकशी असते. त्यामुळे तो विषय दोन मिनिटांतच संपला, आणि पुतण्या उठून गोठ्याकडे गेला. त्याच्या मनाला काय वाटले असेल ते मी विचारले नाही. परवाना मुलीच्याच नावावर करावयाचा ठरला. कायद्याने एकवीस वर्षे पूर्ण लागतात. तिला बावीस होती. आणि जी वापरणार तिच्याच नावावर असणे हे मुळात बरोबरही होते.

कागदपत्रांची यादी मी येथे देत नाही. वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात सुरक्षित कुलूपबंद जागा असल्याची हमी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. अर्ज कन्नडमधून लिहिताना मुलीने माझ्या दोन चुका काढल्या. आमच्याच राज्यात कोडगूच्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याची माफी आहे, २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविली गेली. येळ्ळूरकरांना मात्र रांगेत उभे राहावे लागते. चौकशीला आलेल्या शिपायाने सौभाग्यवतींना विचारले, "बंदूक कशाला पायजे ताई?" त्यांनी उत्तर दिले, "कागदाला भोकं पाडायला." तो हसला आणि चहा घेऊन गेला. या बाईंनी आतापर्यंत एकदाही होकार दिला नव्हता हे मला तेव्हा आठवले.

मधल्या काळात पोरीने माडीवर आडव्या वाशाला खडूने एक ठिपका काढला आणि रोज पहाटे स्वयंपाकघरातले मुसळ रायफलीसारखे खांद्याला लावून अर्धा-अर्धा तास त्या ठिपक्याकडे पाहत उभी राहू लागली. उभ्याच्या आसनाला दंडातले बळ नव्हे, कंबरेच्या हाडावर कोपर टेकवून स्थिर राहण्याची सवय लागते म्हणे. पहिल्या आठवड्यात मुसळाचे टोक गोठ्यातल्या शेपटीसारखे हलत असे. दिवाळीनंतर ते हलेनासे झाले. मी गुपचूप जिन्यावरून पाहत असे.

परवाना हाती पडावयास २०२५ चा श्रावण उजाडला. रायफल आली ती त्यानंतर. सुभेदारमामांनी नळी पाहिली, बोल्ट चारदा मागेपुढे केला, चाप तपासला आणि म्हणाले, "चाप जरा जड आहे. पण खोटा नाही." याहून मोठी प्रशस्ती त्यांच्या तोंडून मी ऐकलेली नाही. क्लबात पाच बनावटींच्या गोळ्या आणून पाच-पाच झाडल्या. चौथी बनावट नळीला मानवली, आणि ती सुदैवाने सर्वांत महाग नव्हती. पन्नास मीटरवरच्या पहिल्या कागदावर पालथ्या आसनातल्या दहा गोळ्यांत एकही काळ्या वर्तुळाबाहेर नव्हती. दहाच्या वर्तुळात तीन. तिला ते फार कमी वाटले. मला वाटले नाही, पण मी बोललो नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि माझे पेन यांची एकत्र पूजा असते. या वर्षी सौभाग्यवतींनी पाट वाढवून मांडला. तेल लावून पुसलेली रायफल, बोल्ट काढून, त्यांनी स्वतः कपाटातून आणविली आणि फाळाच्या शेजारी ठेवविली. शेवंतीची वेणी कुंद्यावर घातली. हळदीकुंकवाची बोटे पुढे गेली तशी मुलगी ओरडली, "आई, नळीत कुंकू जाऊ देऊ नको की!"

त्यांनी हात आवरला, लाकडावरच एक बोट टेकवले आणि विचारले, "बोल्ट कुठाय हिचा? त्याला नको काय लावायला?"